माहेरची पांढरी माती

लायब्ररीत नोकरी करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर खुर्चीत बसून कादंबऱ्या वाचत असणार. विद्यापीठाच्या विज्ञान ग्रंथालयात करते म्हटलं की वाटतं, हिला विज्ञान येत असणार. दोन्ही खोटं. आमच्या कपाटांत कादंबरी औषधालासुद्धा सापडायची नाही, आणि विज्ञानाचं म्हणाल तर बी.एस्सी.ला फिजिक्सनं माझा कसा घाम काढला ते माझं मला ठाऊक. मला येतं ते इतकंच, की कुठलं विज्ञान कुठं राहतं. प्राणिशास्त्राच्या कुठल्या नियतकालिकानं मध्येच नाव बदललं, भूशास्त्राचे नकाशे कुठल्या कपाटामागं घसरलेत, हे मला झोपेतून उठवून विचारा. वाण्याला डोळे मिटून हिंगाचा डबा सापडतो, तसं आहे हे. त्यात हुशारी नाही, सवय आहे.

या नोकरीनं मला एक खोड लावली. वस्तू जागेवर नसली की माझा जीव कासावीस होतो. पुस्तक फाटलं तर चिकटवता येतं, भिजलं तर वाळवता येतं; पण चुकीच्या फळीवर गेलं की ते असून नसल्यासारखं. घरी यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. नवऱ्यानं कात्री कुठंय म्हणून विचारलं की मुलगी म्हणते, "आईला विचारा, तिच्याकडे क्रमांक असेल." हसू देत बापडे. कात्री सापडते ना?

आणि एक छंद लावला. छंद म्हणा, चाळा म्हणा. दुपारी जेवणानंतर वाचनकक्षात पोरं वायफाय वापरायला आणि पंख्याखाली डुलकी काढायला येऊन बसलेली असतात, तेव्हा मी संगणकावर जगभरच्या शोधनिबंधांत शिरूर आणि दौंड शोधत बसते. माझं बालपण शिरूरचं, आणि आई आता दौंडला माझ्या भावाकडे असते. तेवढाच माझा नकाशा. कुणी माळावरच्या गवतांवर लिहिलेलं असतं, कुणी विहिरींच्या मचूळ पाण्यावर. ते पाणी मी प्यायलेलं असतं, त्या गवताची कुसळं माझ्या परकराला चिकटलेली असतात, आणि इथं त्यांना लॅटिन नाव, तक्ता आणि आलेख मिळालेला असतो. शाळेत ज्याला शेंबडा म्हणून हिणवलं तो एकदम सुटाबुटात समोर यावा, तसं वाटतं. फार आनंद होतो. तो सांगावा कुणाला, हे मात्र कळत नाही.

असंच एकदा वाचता वाचता मला माझ्या मामांच्या शेताखालची माती भेटली. पण ती काय चीज होती ते आधी सांगायला हवं.

आईचं माहेर शिरूरच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठावर. मामांचं शेत जिथं संपतं तिथं नदीची उभी दरड. वर काळी माती, खाली तांबूस, मध्ये वाळूचे आणि गोट्यांचे थर, आणि या सगळ्यांच्या मधोमध हातभर जाडीचा पांढरा पट्टा. पिठासारखा मऊ. गावातल्या बाया त्या मातीला भुकटी म्हणायच्या. नवरात्रात घट बसायच्या आधी देव्हाऱ्यातले पितळी टाक आणि मूर्ती उजळायला हीच भुकटी लागायची. चिंचेनं पितळ लखलखतं पण चार दिवसांत काळवंडतं, विटेच्या पुडीनं देवाचं नाक झिजतं, आणि भुकटीनं टाकावरच्या खंडोबाचे डोळेसुद्धा शाबूत राहतात, असं आईचं शास्त्र होतं. दरडीला लोखंड लावायचं नाही, असा दंडक होता. विळा नाही, खुरपं नाही. पायथ्याशी आपसूक गळून पडलेली ढेकळं तेवढी वेचायची. का, असं विचारलं तर "न्हाई लावायचं" एवढंच उत्तर मिळायचं, आणि पुन्हा विचारलं तर पाठीत धपाटा.

एरवी आमची आई कडक. शिरूरच्या दोन खोल्यांत तिचा नुसता आवाज आला तरी आम्ही भावंडं पाढे म्हणायला लागायचो. दरडीपाशी पोचली की मात्र ती आमची उरायचीच नाही. साडी वर खोचून वाळूतून पोरीसारखी पळायची. मामा तिच्याहून धाकटे, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. ती ओली भुकटी त्यांच्या पाठीवर थापायची आणि ते "आक्के, बघ हां" करत तिच्यामागं धावायचे. आम्ही दोघं भावंडं ती गालांना फासून गोरे व्हायचो. मग आजी भाकरी आणि भरीत घेऊन यायची आणि सगळे पाण्यात पाय सोडून जेवायचे. माझं लग्न झालं, मूल झालं, चष्मा लागला, तरी नवरात्र म्हटलं की मला धुपाचा वास आठवत नाही. ओल्या भुकटीचा तो गारवा हाताला आठवतो, आणि हसताना आईचे दिसणारे दात. शिरूरच्या घरात ती तशी कधी हसली नाही.

आजोबा गेल्यावर आईनं रीतीप्रमाणे हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतात. जमिनीवरचा हक्क सोडला की माहेरचं दार उघडं राहतं, अशी समजूत. दार उघडं राहिलं, पण बोलावणं काही येईना. मामा वाईट नव्हेत, उलट जीव लावणारे. पण ऊस, कांदा, सोसायटीची निवडणूक, पोरांची लग्नं. या रगाड्यात बहिणीला बोलवायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. आईनं त्यावर तोड काढली. ती दर वर्षी भुकटीसाठी जायची. माहेरी कशाला चाललीस म्हणून कुणी विचारलंच, तर उत्तर तयार: देव उजळायचेत. मानी बाई. बोलावल्याशिवाय भावाच्या दारात जाते, असं तिला कुणी म्हणायला नको होतं.

पुढं वडील गेले, शिरूरचं बिऱ्हाड मोडलं आणि आई दौंडला आली. माझा भाऊ कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जातो. आईचं सगळं नीट करतो, पण दर वर्षी नवरात्र जवळ आलं की त्याचं सुरू व्हायचं, "आई, दुकानात पावडर मिळतीय की पितळ घासायची. एवढे गुडघे दुखतात, कशाला तंगडतोड?"

"त्या पावडरीला वास येतो. देवाला नगं," आई म्हणायची आणि विषय संपायचा.

मग मी रजा टाकून पुण्याहून जायचे आणि तिला गाडीत घालून चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून माहेरी घेऊन जायचे. वाटेत ती फारसं बोलत नसे. ऊस किती वाढलाय ते बघत बसायची. तिथं पोचल्यावर ती दरडीच्या वर खुर्ची टाकून बसायची, मी खाली उतरून ढेकळं वेचायचे, मामा चहाला हाक मारायचे, मामी तिची ओटी भरायची, आणि दिवस कलायच्या आत परत. एवढंच. पण त्या एवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. आईचं अख्खं माहेर त्या हातभर पट्ट्यावर टांगलेलं आहे, हे मला पक्कं कळत होतं. ते मामांना कळत नव्हतं, आणि आई मेली तरी सांगणार नव्हती.

तर तो शोधनिबंध. त्यात म्हटलं होतं की आपल्याकडच्या काही नद्यांच्या काठांवर अशी पांढरी राख सापडते, आणि ती हजारो वर्षांपूर्वी तिकडे सुमात्रा बेटावर फुटलेल्या ज्वालामुखीची असावी. आभाळातून इथवर आली, पावसानं खाली बसली, नद्यांनी गोळा केली. सोबत फोटो होता. नदी दुसरी, पण दरड तशीच, पट्टा तसाच. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हा. आमच्या खंडोबाचं तोंड आम्ही इतकी वर्षं ज्वालामुखीच्या राखेनं धूत होतो!

भूशास्त्राच्या एक प्राध्यापकबाई आमच्याकडे नेहमी येतात. वयानं माझ्याएवढ्याच, घेतलेली पुस्तकं वेळेवर परत करतात, म्हणून माझ्या लाडक्या. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. पण लगेच म्हणाल्या, "माती आणू नका हं. थर जागेवर बघायला हवा. त्याच्या वर काय आहे, खाली काय आहे, यावरच सगळं असतं. परीक्षा आटोपल्या की जाऊ आपण. तोवर कुणी हात लावायला नको."

हे मला सांगायची गरजच नव्हती. जागेवर असण्याच्या महत्त्वाबद्दल मी त्यांनाच चार गोष्टी शिकवल्या असत्या. मी त्याच दिवशी मामांना फोन लावला.

"मामा, दरडीतली ती भुकटी फार मोलाची आहे. विद्यापीठातल्या बाई बघायला येणारेत. तेवढी जपा."

"म्हंजी? सोनंबिनं हाय का काय त्यात?"

"सोनं नाही मामा. पण लाख मोलाचं आहे असं समजा."

"बरं. तू काळजी करू नगं. म्या हाय न्हवं?"

मामा शब्दाचे पक्के. मी निर्धास्त झाले.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही गेलो. मामा परीटघडीची टोपी घालून वाटेवर येऊन उभे होते. चहा झाला. मी नदीकडे वळले, तर मामा म्हणाले, "तिकडं न्हाई, हिकडं या," आणि आम्हाला गोठ्यात घेऊन गेले. गोठ्याच्या एका अंगाला फळ्या टाकून त्यावर खताची रिकामी पोती भरून, सुतळीनं तोंडं शिवून, एकावर एक रचलेली. वर निळी ताडपत्री.

"गेल्या साली पुरानं बांध खाल्ला," मामा सांगू लागले. "औंदा दरडच गेली आसती. म्हनलं, भाचीनं जपाया सांगितलंय, आन् आपुन बघत बसायचं व्हय? जेसीबी लावला. राहिलेलं हातानं काढलं. एक ढेकूळ सोडलं न्हाई."

आम्ही नदीवर गेलो. दरड नव्हती. तिथं एक उतार होता, काळी-तांबडी माती एकमेकींत कालवलेली, आणि तिच्यावर मशीनच्या दातांचे ओरखडे. मला असा राग आला की काय सांगू. ओरडावंसं वाटलं. मामा, हे काय करून बसलात, असे शब्द अगदी जिभेवर आले होते. प्राध्यापकबाई उतारावर उकिडव्या बसल्या, मातीत बोटं घातली, आणि मला एकटीला ऐकू येईल इतपत म्हणाल्या, "पुस्तकाची पानं सुटी करून पोत्यात भरलीत."

तेवढ्यात वरून मामांची हाक आली. "बाई, किती पोती टाकू गाडीत?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे. सत्तरी ओलांडलेला माणूस, हाताला फोड आलेले, आणि तोंडावर असा आनंद की भाचीचं एक काम आपण चोख केलं. माझा राग कुठच्या कुठं गेला.

"एक पिशवीभर पुरे, मामा," बाई म्हणाल्या. "फार कष्ट घेतलेत तुम्ही." त्या दिवसापासून ही बाई मला बहिणीसारखी आहे.

परत येताना मी सगळ्या वाटेनं तोच विचार करत होते. मामांची जपायची रीत वेगळी होती, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर बरोबरच होती. शेतकऱ्याच्या लेखी रानात उभं आहे तोवर काहीच आपलं नसतं. ते गारपिटीचं, रानडुकराचं, पुराचं. कांदा चाळीत आला, ज्वारी घरात आली, मग ती वाचली. आणि माझं सगळं आयुष्य वस्तू जागची हलू नये म्हणून राखण करण्यात गेलेलं. लोखंड लावायचं नाही म्हणणाऱ्या त्या जुन्या बाया आमच्या दोघांपेक्षा शहाण्या. त्यांनी नियम केला, कारण सांगत बसल्या नाहीत.

निबंधाचं, संशोधनाचं मला फार दुःख नव्हतं. अशी राख दुसरीकडे आहे, बाई शोधतील. मला घोर होता आईचा. ती दौंडला बसून नवरात्राची वाट बघत होती, आणि जिथं जायचं ती जागाच उरली नव्हती. मी तिला काही सांगितलं नाही. तिथं नेईन, मग बघू, असं करत दिवस ढकलले.

नवरात्र तोंडावर आलं. मी रजा टाकून दौंडला पोचले. आई सकाळपासून तयार. ठेवणीतली साडी, हातात पिशवी. तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. बघते तर मामांची पिकअप गाडी. कांदा घेऊन ते दौंडच्या बाजारात आले होते, आणि कांदा उतरवून झाल्यावर गाडीत मागं राहिली होती ती सगळी शिवलेली पोती.

"आक्का, भाईर ये. बघ काय आनलंय," मामांनी आवाज दिला आणि एक पोतं खांद्यावर घेऊन पायरीशी आणून टाकलं. "भुकटी. आता जलमभर पुरल तुला. गुडघं मोडत यायला नगं."

"लई बेस केलं मामा," माझा भाऊ म्हणाला. रात्रपाळी करून आला होता, तो खरोखरच खूश झाला. "दर वर्षाची कटकट मिटली."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तसाच धरून उभा राहिला.

आई पायरीवर बसली. पोत्याची सुतळी उसवली, चिमूटभर भुकटी घेऊन बोटांत चोळली.

"दरडीतली हाय?"

"व्हय. समदी."

"समदी?"

"येक ढेकूळ सोडलं न्हाई, आक्का."

आईनं बोटांवरची भुकटी पोत्यात परत झटकली. मला वाटलं, आता रडणार. मीच रडायच्या बेतात होते. पण ती रडली नाही. मान वर करून तिनं भावाकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग आता म्या कशापायी यायचं रं?"

मामा हसले. "कशापायी म्हंजी? आगं, आता तुला यायची गरजच—" आणि ते थांबले. टोपी काढून हातात घेतली. माणसाला एखादी गोष्ट इतक्या वर्षांनी एकदम कळते तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. मी दुसरीकडे बघितलं.

"न्हे परत," आई म्हणाली. "ठिव गोठ्यात. दरड न्हाई तर न्हाई. म्या गोठ्यातनं घेऊन जाईन."

"पर आक्का, तुझं गुडघं..."

"गुडघं माझं हायेत. तू पोतं उचल."

मामांनी निमूटपणे पोतं उचललं, गाडीत टाकलं, मागचा फाळका लावला. गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली. मग गाडी बंद करून पुन्हा खाली उतरले आणि पायरीपाशी येऊन उभे राहिले.

"आक्का, कवा येतीस?"

आजोबा गेल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचा हट्ट मला माहीत होता; इतक्या वर्षांचं व्याज ती एका वाक्यात वसूल करणार.

"कुनी न्यायला आलं तर येईन की."

"मंग आलोच हाय न्हवं? चल, बस गाडीत."

माहेरवाशिणीला न्यायला येणाऱ्या भावाला आमच्याकडे मुराळी म्हणतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी येतो, फार तर दुसऱ्या. ऐंशीला टेकलेल्या माझ्या आईला दौंडच्या त्या गल्लीत मुराळी आला होता, कांद्याचा वास येणारी गाडी घेऊन. मी आणि भावानं तिला दोन्हीकडून धरून पुढच्या सीटवर चढवलं. मी तिच्याबरोबर निघाले तर म्हणाली, "तू कुठं? दोघांचीच जागा हाय. चार दिसानं ये मला आनायला."

चार दिवस! इतक्या वर्षांत ती तिथं मुक्कामाला राहिली नव्हती. गाडी गल्लीच्या वळणावर गेली तरी दोघांचं भांडण ऐकू येत होतं. ती म्हणत होती काच वर कर, आणि मामा म्हणत होते ती व्हतच न्हाई. मी टाकलेली रजा फुकट गेली. नोकरीत मी रजांच्या बाबतीत फार चिक्कू आहे, पण त्या दिवशी पायरीवर बसून भावाच्या हातातलं ते पाणी मी प्यायले आणि मनसोक्त रडले.